दोन शस्त्रक्रिया आणि एक गिरणी: नाशिकमधील एका कुटुंबाच्या सूक्ष्म आरोग्य विम्याचे प्रकरण

नाशिकच्या सिडको भागात, अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, एक पिठाची गिरणी आहे. दहा बाय बाराच्या गाळ्यात एक दळणाची चक्की, एक मिरची-मसाल्याचे कांडप यंत्र, वजनकाटा आणि भिंतीला लागून ओळीने ठेवलेले डबे, एवढाच तिचा पसारा. घरात पती, पत्नी, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे. पती गिरणी चालवतो, तर पत्नी हिशेब पाहते, भाजणी आणि पिठी तयार करून विकते आणि दुपारच्या वेळी स्वतः चक्कीवर उभी राहते. या कुटुंबात सात वर्षांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिली २०१७ मध्ये, कोणताही विमा नसताना; दुसरी २०२४ मध्ये, बचत गटामार्फत घेतलेला ५० हजार रुपयांचा सूक्ष्म, म्हणजे कमी हप्त्याचा आणि छोट्या रकमेचा, आरोग्य विमा असताना. घर, गिरणी आणि माणसे तीच असल्यामुळे विम्याने नेमके काय केले आणि काय केले नाही, हे येथे एरवीपेक्षा स्पष्ट दिसते. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे दिलेली नाहीत. दुसऱ्या आजारपणातील दाव्याची कागदपत्रे लावण्यास मी मदत केली होती, त्यामुळे पुढचे बरेचसे आकडे मी स्वतः पाहिलेल्या बिलांवरून आणि गटाच्या वहीवरून घेतले आहेत.

पहिले आजारपण

जून २०१७ मध्ये पत्नीला पित्ताशयातील खड्यांचा त्रास बळावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. एकूण खर्च ४८ हजार रुपये झाला. राज्य सरकारची मोफत उपचारांची जीवनदायी योजना नाशिक जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ पासून लागू होती आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले होते. कुटुंबाकडे त्या योजनेला चालणारी केशरी शिधापत्रिका होती. पण ती कळवण तालुक्यातील मूळ गावी, सासऱ्यांच्या नावावर होती आणि तीत सुनेचे नाव लग्नानंतर चढवलेलेच नव्हते. रुग्णालयात विचारणा केल्यावर ‘तुमचे यात बसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले आणि त्यापुढे कोणी काही विचारले नाही.

४८ हजारांपैकी २० हजार रुपये सावकाराकडून शेकडा पाच दराने घेतले. १२ हजार रुपये मिरचीच्या व्यापाऱ्याने पुढच्या हंगामाच्या भरवशावर उचल म्हणून दिले. उरलेले १६ हजार रुपये कांडप यंत्र विकून उभे केले. या तिन्हींपैकी सर्वांत महाग कोणते पडले, असे विचारले तर बहुतेक जण सावकाराचे नाव घेतील. महिन्याला एक हजार रुपये याप्रमाणे २६ महिने नुसते व्याजच गेले आणि मुद्दल अखेरीस भिशी लागल्यावर फिटले, हे खरेच आहे. तरीही हिशेब मांडला, तेव्हा सर्वांत मोठा खड्डा यंत्राच्या विक्रीने पडल्याचे दिसले.

नाशिकमध्ये मार्चपासून मेअखेरपर्यंत वर्षभराचा मसाला घरोघर केला जातो. मिरच्या वाळवायच्या, देठे काढायची, धणे-खोबरे भाजायचे आणि सगळे डब्यात भरून कांडपावर आणायचे. त्या तीन महिन्यांत या गाळ्यासमोर सकाळी सहापासून रांग असे आणि खर्च वजा जाता सुमारे ३५ हजार रुपये हातात राहत. दळणाच्या रोजच्या उत्पन्नावर घर चालायचे, तर मसाल्याच्या हंगामावर शाळेची फी, पावसाळ्याआधीची पत्र्याची दुरुस्ती आणि चक्कीच्या दगडांचा खर्च भागायचा. यंत्र विकल्यावर २०१८, २०१९ आणि २०२० असे तीन उन्हाळे कोरडे गेले. त्यांपैकी २०२० चा उन्हाळा टाळेबंदीत तसाही गेला असता, म्हणून तो सोडून दिला तरी दोन हंगामांचे ७० हजार रुपये बुडाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गटाकडून कर्ज काढून जुनेच पण चांगल्या स्थितीतील यंत्र ४२ हजारांना घेतले, म्हणजे विकलेल्या किमतीपेक्षा २६ हजार रुपये जास्त द्यावे लागले. रुग्णालयाचे ४८ हजार, व्याजाचे २६ हजार, यंत्रातील फरकाचे २६ हजार आणि हंगामाचे ७० हजार मिळून ही रक्कम एक लाख ७० हजार रुपये होते. रुग्णालयाच्या बिलावर मात्र ४८ हजारच लिहिलेले होते.

छोट्या व्यावसायिकाच्या आजारपणाची चर्चा करताना ही गोष्ट नेहमी निसटते. पगारदार माणसाच्या घरात आजारपण साठवलेली बचत संपवते. स्वयंरोजगार करणाऱ्याच्या घरात ते कमाईचे साधनच खाऊन टाकते, कारण विकण्याजोगी वस्तू तीच एक असते. याच पत्नीचे दीर अंबडच्या एका कारखान्यात आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. वेतनाच्या पाऊण टक्का कामगार भरतो, सव्वातीन टक्के मालक भरतो, आणि त्या बदल्यात सातपूरच्या विमा रुग्णालयात उपचार मिळतात, शिवाय आजारपणाच्या रजेत वेतनाचा काही भागही मिळतो. गिरणीवाल्याला मालक नाही आणि तो स्वतः कोणाचा कामगारही नाही, त्यामुळे त्याच गल्लीत राहूनही ही व्यवस्था त्याच्या दारापर्यंत येत नाही.

विमा कसा आला

पत्नी २०१९ मध्ये वस्तीतील बचत गटात सामील झाली. तेरा जणींचा हा गट अशा अनेक गटांच्या एका महासंघाशी जोडलेला आहे. महासंघाने २०२२ मध्ये एका विमा कंपनीकडून सभासद कुटुंबांसाठी सामूहिक पॉलिसी घेतली. पाच जणांच्या कुटुंबाला मिळून वर्षाला ५० हजार रुपयांचे संरक्षण होते, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के म्हणजे दिवसाला एक हजार रुपये होती आणि रुग्णालयातील पहिले चोवीस तास सोडून पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बुडीत रोजगार भत्ता मिळणार होता. हप्ता कुटुंबामागे वर्षाला १,९५० रुपये ठरला. एकदम दोन हजार काढणे कोणालाच जमण्यासारखे नव्हते, म्हणून दरमहा २०० रुपयांच्या बचतीबरोबर १६५ रुपये वेगळे गोळा करायचे ठरले. वर्षाला जे ३० रुपये जास्त जमतात ते झेरॉक्सला लागतात, आणि दाव्याच्या वेळी ते अपुरेच पडतात.

अशा विम्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ (SEWA) या संघटनेने असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी १९९२ मध्ये विमा सुरू केला, तर कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी २००३ मध्ये यशस्विनी योजना आली. विमा नियामकाने २००५ मध्ये सूक्ष्म विम्याची स्वतंत्र नियमावली केली आणि स्वयंसेवी संस्था, बचत गट व सूक्ष्म वित्त संस्थांना त्याचे प्रतिनिधी होण्याची मुभा दिली. त्या नियमावलीत आरोग्य विम्याची कमाल मर्यादा ३० हजार रुपये होती आणि केंद्राच्या २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतही कुटुंबाला तेवढेच संरक्षण होते. पुढे २०१५ च्या नियमावलीने ही मर्यादा व्यक्तीसाठी एक लाख आणि कुटुंबासाठी अडीच लाखांपर्यंत नेली. गिरणीवाल्या कुटुंबाचे ५० हजारांचे संरक्षण या पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसते.

एवढ्याशा रकमेचा उपयोग काय, हा प्रश्न गटातही विचारला गेला होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार, बाळंतपण वगळता, खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा देशातील सरासरी वैद्यकीय खर्च ३१,८४५ रुपये होता, तर सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये. म्हणजे ५० हजारांत हृदयाची शस्त्रक्रिया होणार नाही, पण डेंग्यू, न्यूमोनिया, मोडलेले हाड किंवा अपेंडिक्स यांसारखी आजारपणे बहुतांशी भागतात. वस्तीतील माणसे रुग्णालयात जातात ती बहुधा अशाच कारणांनी.

१७ ऑगस्ट २०२४ ची रात्र

श्रावण चालू होता. उपवासाच्या पिठांची दळणे जोरात होती आणि तीन आठवड्यांवर गणेश चतुर्थी असल्यामुळे उकडीच्या मोदकांच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन वाळवून ठेवलेले होते. पतीला शुक्रवारपासून पोटात दुखत होते; त्याने ॲसिडिटीची गोळी घेऊन शनिवारी दिवसभर दळणे केली. रात्री साडेअकराला वेदना असह्य झाल्यावर शेजाऱ्याच्या रिक्षातून त्याला जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. अपेंडिक्स फुटल्याचे निदान झाले आणि पहाटे शस्त्रक्रिया झाली.

येथे एक शंका साहजिक आहे. फुले योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये झाले होते आणि ते सर्व शिधापत्रिकाधारकांना खुले होते. २०१७ च्या अनुभवानंतर पत्नीने शिधापत्रिका नाशिकला आणून तीत सर्वांची नावे चढवूनही घेतली होती. मग सरकारी योजना का वापरली नाही? याचे उत्तर सरळ आहे. ती योजना तिच्या यादीतील रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांना लागू होते. मध्यरात्री गाठलेले रुग्णालय त्या यादीत नव्हते. त्र्यंबक नाक्यावरचे जिल्हा रुग्णालय काही मैलांवर होते, पण कळवळणाऱ्या माणसाला रिक्षात घालून निघालेले लोक आधी यादी तपासत नाहीत. योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर जवळचे रुग्णालय विचारता येते, हे पत्नीला नंतर कळले.

भरतीच्या वेळी २० हजार रुपये अनामत मागितली गेली. गटाच्या अध्यक्षाबाईंनी तातडीच्या निधीतून १० हजार आणून दिले, घरात ६ हजार होते आणि समोरच्या किराणा दुकानदार बाईंनी ४ हजार दिले. विमा असूनही ही धावपळ का करावी लागली, याचे कारण कागदी आहे. हे रुग्णालय विमा कंपनीच्या रोकडविरहित (कॅशलेस) उपचारांच्या जाळ्यात, म्हणजे कंपनी ज्यांना बिलाचे पैसे थेट देते अशा रुग्णालयांत, नव्हते. जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी जाळ्याबाहेरच्या रुग्णालयातही अशी सोय देण्याचे जाहीर केले आहे; रुग्णालय तयार हवे आणि तातडीच्या भरतीत ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायला हवे. रविवार गेला, सोमवारी राखी पौर्णिमा होती, आणि पॉलिसीचा क्रमांक ज्या फाइलमध्ये होता ती महासंघाच्या कपाटात होती. फोन गेला तो मंगळवारी दुपारी. ४८ तास उलटून गेले होते आणि दावा परतफेडीच्या मार्गानेच करावा लागणार हे ठरले, म्हणजे आधी सगळे पैसे भरायचे आणि मग मागायचे.

सूक्ष्म विम्याची खरी अडचण मला येथेच दिसते. ज्याच्याकडे ६० हजार रुपये रोख आहेत त्याला परतफेडीचा विमा चालतो. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला परतफेड होईपर्यंत सावकारच गाठावा लागतो. या प्रकरणात सावकाराची जागा महासंघाने घेतली. दाव्याच्या भरवशावर महिना एक टक्क्याने ३० हजार रुपये दिले गेले, उरलेले ११,६०० रुपये पत्नीच्या त्याच महिन्यात लागलेल्या भिशीतून आले आणि २२ ऑगस्टला ६१,६०० रुपये भरून पती घरी आला. विमा कंपनीचा एक रुपयाही तोपर्यंत आलेला नव्हता.

बिल आणि वजावट

त्या ६१,६०० रुपयांची फोड अशी होती: दोन खाटांच्या खोलीचे पाच दिवसांचे भाडे ८ हजार, शल्यविशारद, भूल, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या भेटी आणि शुश्रूषा मिळून ३२ हजार, औषधे व साहित्य १४ हजार, सोनोग्राफी व रक्ततपासण्या ६ हजार आणि नोंदणी, फाइल, हातमोजे अशी विम्यात न बसणारी किरकोळ कलमे १,६००. सर्वसाधारण कक्षात दिवसाला ९०० रुपयांची खाट उपलब्ध होती. ‘विमा आहे ना, मग भाऊंना चांगल्या खोलीत ठेवा’ असे भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने सुचवले आणि १,६०० रुपयांची खोली घेतली गेली.

हा सल्ला किती महाग पडला, ते पाहण्यासारखे आहे. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की कंपनी फक्त भाड्यातील फरक कापत नाही. त्या खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे इतर शुल्कही त्याच प्रमाणात कापते. मर्यादा एक हजार आणि भाडे १,६०० म्हणजे प्रमाण साडेबासष्ट टक्के झाले. त्यामुळे भाड्याचे ८ हजारांऐवजी ५ हजार मान्य झाले आणि डॉक्टर व शस्त्रक्रियेच्या ३२ हजारांपैकी २० हजार. सर्वसाधारण कक्ष घेतला असता, डॉक्टरांचे शुल्क तेवढेच धरले तरी, मान्य खर्च ५० हजारांच्या वर जाऊन पूर्ण विमा रक्कम मिळाली असती आणि कुटुंबाच्या खिशातून ८,१०० रुपये गेले असते. प्रत्यक्षात १६,६०० गेले. खोलीतल्या पंख्याखाली पाच दिवस झोपण्याचे हे साडेआठ हजार रुपये.

पण गोष्ट येथे संपली नाही. कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने पहिल्या हिशेबात तीच साडेबासष्ट टक्क्यांची कात्री औषधांना आणि तपासण्यांनाही लावली. विमा नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की औषधे व वापराचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना प्रमाणशीर वजावट लावता येत नाही, कारण खोली कोणतीही घेतली तरी त्यांची किंमत बदलत नाही. सलाईनची बाटली सर्वसाधारण कक्षातही त्याच किमतीची असते. ४५ हजारांऐवजी ३७,५०० रुपये मंजूर झाल्याचे पत्र आले तेव्हा कुटुंबाला त्यात काही चूक असल्याचे कळण्याचा प्रश्नच नव्हता. पत्र इंग्रजीत होते आणि वजावटीच्या रकान्यात कारण म्हणून दोन-दोन शब्द लिहिलेले होते. पत्नी ते घेऊन माझ्याकडे आली ती एवढेच विचारायला, की पैसे खात्यात कधी येतील.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिले, त्यात चार ओळींचा हिशेब मांडला आणि नियमाचा उल्लेख केला. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाण्याची आमची तयारी होती. नाशिक जिल्हा त्यांच्याच कार्यक्षेत्रात येतो, तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ती वेळ आली नाही. नोव्हेंबरच्या २० तारखेला उरलेले ७,५०० रुपये जमा झाले. अशा वजावटी किती जणांच्या हिशेबात तशाच राहून जात असतील, हा विचार मात्र त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही.

त्याआधी आणखी एका कारणाने दावा महिनाभर अडकला होता. पॉलिसीच्या यादीत पतीचे नाव सगळी वस्ती ज्या हाकेच्या नावाने त्याला ओळखते ते लिहिलेले होते. आधार कार्डावर बारशाचे नाव होते. २०२२ मध्ये गटाच्या बैठकीत नावे भराभर लिहून घेतली गेली तेव्हा कोणी आधार मागितले नव्हते आणि पत्नीनेही रोजच्या तोंडातले नावच सांगितले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र, महासंघाचा दाखला आणि शिधापत्रिकेची प्रत जोडल्यावर फाइल पुढे सरकली. पहिली रक्कम, ३७,५०० आणि चार दिवसांचा बुडीत रोजगार भत्ता २ हजार अशी मिळून ३९,५०० रुपये, ११ ऑक्टोबरला म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी खात्यात आली. त्याच दिवशी महासंघाचे ३० हजार आणि दोन महिन्यांचे ६०० रुपये व्याज फेडले गेले, आणि उरलेले ८,९०० रुपये गटाच्या तातडीच्या निधीत परत गेले. किराणावाल्या बाईंचे ४ हजार गणपतीतच दिले होते.

गिरणीत काय झाले

चार दिवस गिरणी बंद होती. गिऱ्हाइके आपापले डबे नावाची चिठ्ठी लावून शटरबाहेर ठेवून जात होती, कारण दुसऱ्या गिरणीत गहू दिला तर पीठ बदलून येते असा सगळ्यांचाच पक्का समज आहे. पाचव्या दिवशी पत्नीने शटर उघडले. डॉक्टरांनी पतीला सहा आठवडे वजन उचलू नये असे बजावले होते, आणि वीस किलोचा डबा खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन चक्कीत ओतल्याशिवाय गिरणी चालत नाही. म्हणून दिवसाला ६०० रुपये रोजाने एक माणूस २६ दिवस ठेवला. त्याचे १५,६०० रुपये झाले. पिठीच्या सगळ्या मागण्या चतुर्थीआधी पुऱ्या झाल्या.

विम्याने न दिलेले १६,६०० रुपये, माणसाचा रोज १५,६००, रुग्णालयातून आल्यावरची मलमपट्टी आणि औषधे २,४०० व व्याज ६०० मिळून ३५,२०० रुपये होतात. त्यातून रोजगार भत्त्याचे २ हजार वजा केले तर या आजारपणाने कुटुंबाचे ३३,२०० रुपये घेतले. मलमपट्टीचे पैसे पॉलिसीनुसार मिळू शकले असते, पण औषधांच्या पावत्या साध्या चिठोऱ्यांवर होत्या. २०१७ चे बिल कमी होते आणि नुकसान एक लाख ७० हजारांचे होते. २०२४ चे बिल जास्त होते आणि नुकसान २०१७ च्या नुकसानीच्या पाचव्या हिश्श्याएवढे. चक्की, कांडप यंत्र आणि पत्नीच्या गळ्यातले सोने जागच्या जागी राहिले.

याचे सगळे श्रेय विम्याला देणे मात्र मला पटत नाही. गटाचा निधी आणि महासंघाचे ३० हजार नसते, तर हाच विमा असूनही ऑगस्ट ते ऑक्टोबर सावकाराचे शेकडा पाच सुरू झाले असते. आणि विमा नसता, तर महासंघाने ३० हजार कशाच्या भरवशावर दिले असते? दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभे होते. भत्त्याची रचनाही तोकडी आहे. रोजगार बुडतो तो मुख्यतः घरी परतल्यावर, रुग्णालयातल्या पाच दिवसांत नव्हे. गिरणीवाल्याला २ हजारांच्या भत्त्यासमोर १५,६०० रुपयांचा रोज भरावा लागला. सासूबाईंच्या मधुमेहाच्या आणि दम्याच्या औषधांना दरमहा लागणारे अकराशे रुपये तर या पॉलिसीच्या कक्षेतच येत नाहीत, कारण रुग्णालयात दाखल न होता होणारा खर्च तीत धरलेला नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उरलेल्या त्या वाट्यात अशा अकराशे रुपयांच्या औषधांचा भार मोठा आहे.

गटाला मी जो क्रम सांगतो तो असा, की मोठ्या आणि आधी ठरवता येणाऱ्या उपचारांसाठी पहिल्यांदा फुले योजनेच्या रुग्णालयात जाऊन तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारावे, कारण पाच लाखांची बरोबरी ५० हजार करू शकत नाहीत. सूक्ष्म विमा ठेवावा तो रात्री-अपरात्री जवळच्या दारात जावे लागते त्यासाठी.

नूतनीकरण

मार्च २०२५ मध्ये कंपनीने पुढील वर्षाचा हप्ता २,३५० रुपये होईल असे कळवले. वाढीचे गणित अवघड नाही. समजा शंभर कुटुंबांनी १,९५० प्रमाणे एक लाख ९५ हजार रुपये जमवले आणि वर्षात पाच कुटुंबांना प्रत्येकी ३० हजार द्यावे लागले, तर दीड लाख जातात आणि व्यवस्थेच्या खर्चाला ४५ हजार उरतात. पाचाऐवजी सात कुटुंबे आजारी पडली तर दोन लाख १० हजार द्यावे लागतात आणि निधी तुटीत जातो. आता हप्ता वाढला म्हणून ज्यांच्या घरी सध्या सगळे ठणठणीत आहेत त्यांनी अंग काढून घेतले, तर मागे ज्यांना गरज आहे तेच उरतात आणि पुढच्या वर्षी हप्ता आणखी चढतो. म्हणून महासंघाचा नियम असा आहे, की गटातील किमान तीन चतुर्थांश सभासद तयार असतील तरच त्या गटाला पॉलिसीत घ्यायचे.

तेरापैकी चार जणींनी नको म्हटले. नऊ उरल्या आणि नियमाप्रमाणे दहा हव्या होत्या. नको म्हणणाऱ्यांत किराणावाल्या बाईही होत्या. तीन वर्षांत आपल्या घरी एक पैसाही परत आला नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. बैठकीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी मध्यरात्री माझ्याकडे चार हजार मागायला कोणी येऊ नये, म्हणून भरते.’ हसू झाले आणि दहावे नाव लागले.

गिरणीवाल्या बाईंनी फॉर्म हातात आल्यावर पैसे मोजण्याआधी पर्समधून आधार कार्डांची चळत काढली, यादीतले पतीचे हाकेचे नाव खोडून बारशाचे नाव अक्षर न अक्षर जुळवून लिहिले आणि मग यादी शेजारणीकडे न देता स्वतःजवळच ठेवली. बाकीच्या नऊ जणींची आधार कार्डे घरून येईपर्यंत ती बैठक आणखी पाऊण तास चालली.